झॉर्नडॉर्फच्या मैदानातल्या दोन फौजा

25 ऑगस्ट 1758 रोजी ओडर नदीच्या पूर्वेला, झॉर्नडॉर्फ नावाच्या खेड्याजवळ प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आणि रशियाचा सेनापती विलियम फेर्मोर यांच्या फौजा भिडल्या. सकाळी नऊच्या सुमारास सुरू झालेली ही लढाई अंधार पडेपर्यंत चालली. दिवस मावळला तेव्हा प्रशियाचा दर तिसरा माणूस आणि रशियाच्या दर दहांतले जवळपास चार मेलेले, जखमी किंवा कैद झालेले होते. युरोपातल्या अठराव्या शतकातल्या सर्वांत रक्तरंजित लढायांमध्ये झॉर्नडॉर्फची गणना होते. तरीही निर्विवाद विजय कोणालाच मिळाला नाही. असे का झाले, हे दोन सेनापतींच्या डावपेचांपेक्षा त्यांच्या फौजांच्या घडणीवरून जास्त कळते. शिपाई कुठून आणले जात, ते किती वर्षे फौजेत राहत, त्यांच्या हातात काय होते आणि शेजारी कोण उभा होता, यांवरून त्या दिवसाचा बहुतेक उलगडा होतो.

ही लढाई 1756 ते 1763 या सप्तवार्षिक युद्धातली. भारतात इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात झालेले तिसरे कर्नाटक युद्ध हा याच युद्धाचा एक फाटा. युरोपात ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया आणि स्वीडन हे एका बाजूला, तर प्रशिया आणि ब्रिटन दुसऱ्या बाजूला होते. प्रशियाची लोकसंख्या होती पन्नास लाखांच्या आतबाहेर. एकट्या रशियाची प्रजा दोन कोटींच्या पुढे. जानेवारी 1758 मध्ये फेर्मोरने पूर्व प्रशिया फारसा विरोध न होता ताब्यात घेतला आणि क्योनिग्सबर्गच्या नागरिकांना रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यावी लागली. उन्हाळ्यात तो पश्चिमेकडे सरकला आणि 15 ऑगस्टला त्याने ओडरकाठच्या कुस्ट्रिनवर तोफा डागल्या. गाव जळून खाक झाले, किल्ला मात्र तग धरून राहिला. तिथून राजधानी बर्लिन काही मजलांवर होती. फ्रेडरिक तेव्हा सायलेशियात ऑस्ट्रियन फौजेसमोर होता. निवडक 14 बटालियन आणि 38 स्क्वाड्रन घेऊन तो भर उन्हाळ्यात उत्तरेकडे धावला आणि बारा दिवसांच्या आत कुस्ट्रिनजवळ पोहोचला. काउंट डोना याच्या हाताखालची दुसरी प्रशियन फौज तिथे आधीच होती.

त्यामुळे झॉर्नडॉर्फला उतरलेली प्रशियन फौज दोन निरनिराळ्या फौजांच्या जोडणीतून तयार झाली होती. राजाबरोबर आलेली पथके अनुभवी होती. आदल्या डिसेंबरात लॉइथेनच्या बर्फाळ मैदानावर दुपटीच्या जवळपास असलेल्या ऑस्ट्रियन फौजेला लोळवणाऱ्या सैन्यातून ती निवडलेली होती. डोनाची फौज मुख्यतः पूर्व प्रशियातल्या रेजिमेंटांची. ऑगस्ट 1757 मध्ये ग्रोस-येगर्सडॉर्फ इथे ती रशियनांकडून हरली होती आणि नंतर स्वीडिशांविरुद्ध पोमेरेनियात पाठवली गेली होती. दोन्ही फौजा एकत्र आल्या तेव्हा डोनाच्या शिपायांचे नीटनेटके गणवेश आणि पावडर लावलेले केस पाहून, तुमचे लोक दिसायला देखणे आहेत, माझे मळकट आहेत पण चावणारे आहेत, अशा अर्थाचे काहीतरी राजा बोलला, असा किस्सा जर्मन पुस्तकांत सांगितला जातो. किस्सा खरा असो वा नसो, दोन्ही फौजांमधला फरक त्याने नेमका पकडला आहे.

सगळी मिळून प्रशियन फौज सुमारे 36,000 माणसांची. त्यात पायदळाच्या 38 बटालियन, घोडदळाचे 83 स्क्वाड्रन आणि 193 तोफा. यांतल्या 76 तोफा हलक्या होत्या. प्रत्येक बटालियनला दोन अशी त्यांची वाटणी असे आणि शिपाई त्या ओढत बरोबर नेत. उरलेल्या 117 जड तोफा कर्नल मोलर याच्या हाताखाली मोठ्या मोर्चांत लावल्या होत्या. छत्तीस हजारांच्या फौजेमागे इतक्या जड तोफा हे त्या काळाच्या मानाने फार मोठे प्रमाण होते. लॉइथेनला किल्ल्यावरून आणलेल्या बारा पौंडी तोफांनी केलेले काम फ्रेडरिक विसरला नव्हता. शिवाय दोन वर्षांच्या युद्धात त्याचे कसलेले पायदळ निम्म्याने आटले होते. माणसांची तूट तो लोखंडाने भरून काढू पाहत होता.

प्रशियन पायदळाचा पाया होता कँटन पद्धत. फ्रेडरिकच्या वडिलांनी, पहिल्या फ्रेडरिक विल्यमने, ती 1733 मध्ये रीतसर लागू केली. प्रत्येक रेजिमेंटला एक मुलूख नेमून दिलेला असे. त्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुलांची नावे लहानपणीच रेजिमेंटच्या वहीत चढत. तरुण झाल्यावर त्यांना कवायत शिकवली जाई. त्यानंतर शांततेच्या काळात ते वर्षातले दोन-तीन महिने पलटणीत आणि उरलेले आपल्या शेतावर काढत. बहुतेकदा अधिकारी त्याच भागातल्या जमीनदार घराण्यांतले असत. गावात ज्याच्या जमिनीवर राबायचे, त्याच्याच हुकमाने रांगेत चालायचे, अशी ही व्यवस्था होती. ती कठोर होती, पण एका गावचे, एकमेकांना ओळखणारे लोक तिच्यामुळे शेजारी शेजारी उभे राहत.

दुसरा भाग होता परक्या मुलखातून भरती केलेल्यांचा. जर्मन संस्थानांमधून पैसे देऊन, फसवून, प्रसंगी जबरदस्तीने माणसे आणली जात. युद्धकैद्यांनाही गणवेश चढवला जाई. 1756 मध्ये पिर्ना इथे शरण आलेली सॅक्सनीची अख्खी फौजच फ्रेडरिकने आपल्या सेवेत ओढली आणि तिच्यातले हजारो लोक संधी मिळताच पळून गेले. राजाने आपल्या सेनापतींसाठी लिहिलेल्या सूचना शिपायांचे पळणे कसे रोखावे इथूनच सुरू होतात, यावरून या दुखण्याची खोली कळते. जंगलाजवळ तळ टाकायचा नाही, रात्रीची कूच टाळायची, पाणी आणायला जाणाऱ्यांबरोबर अधिकारी द्यायचा, तळाभोवती हुसार स्वारांची गस्त ठेवायची, अशी ती कलमे आहेत. अशी फौज विस्कळीत रांगेत लढवता येत नाही. तिला दाट, सरळ आणि अधिकाऱ्याच्या नजरेखालच्या रांगेतच लढावे लागते. प्रशियाच्या प्रसिद्ध कवायतीमागे शिस्तीच्या आवडीइतकीच ही गरजही होती.

ही कवायत प्रत्यक्षात कशी होती? बटालियन सुमारे सातशे माणसांची आणि तीन रांगांत उभी राहणारी. एका रेजिमेंटमध्ये दोन बटालियन. प्रत्येक बटालियनमध्ये पाच कंपन्या बंदूकधारी मस्केटियर शिपायांच्या आणि एक ग्रेनेडियरांची. युद्धात ग्रेनेडियर कंपन्या बाजूला काढून दोन रेजिमेंटांच्या चार कंपन्यांची वेगळी बटालियन उभारली जाई. उंच, पितळी पत्रा जडवलेल्या टोकदार टोप्या घातलेल्या या ग्रेनेडियरांना हल्ल्यात सगळ्यात पुढे ठेवत. बंदुकीत दारू आणि गोळी ठासायचा गज इतर फौजांमध्ये बराच काळ लाकडी होता आणि घाईत तो मोडे. प्रशियाने लोखंडी गज सर्वांत आधी सरसकट वापरात आणला आणि त्याच्या शिपायांचा गोळीबार इतरांपेक्षा जलद होऊ लागला. बटालियन आठ हिश्श्यांत वाटली जाई आणि ठरलेल्या क्रमाने एकेक हिस्सा बार काढी, त्यामुळे रांगेच्या कोणत्या ना कोणत्या भागातून गोळ्या सुटतच राहत. हे सगळे सपाट मैदानावर, न ढळलेल्या रांगेत उत्तम चाले. रांग तुटली की मात्र सारा डोलारा ढासळे.

फ्रेडरिकच्या फौजेतला सर्वांत भरवशाचा भाग पायदळ नव्हते, घोडदळ होते, आणि हे झॉर्नडॉर्फला अगदी स्पष्ट झाले. 1741 मध्ये मोल्व्हिट्झला त्याचे घोडदळ उधळले गेले होते आणि पायदळाने लढाई वाचवली होती. त्या अपमानानंतर राजाने घोडदळ मुळापासून घडवले. स्वारांनी धाव घेताना पिस्तूल झाडायचे नाही, तलवार उपसून भरधाव जायचे, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ राहायचे आणि धडकेनंतर विस्कटलेले स्क्वाड्रन लगेच पुन्हा बांधायचे. हे शेवटचे कौशल्य सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्मिळ. मोठ्या घोड्यांवरचे, छातीवर लोखंडी पत्रा बांधलेले क्युरासियर, मध्यम वजनाचे ड्रॅगून आणि हलके, चपळ हुसार असे त्याचे तीन प्रकार. पूर्वी हुसारांचे काम टेहळणीपुरते होते. फ्रेडरिकने त्यांना मुख्य लढाईच्या रांगेत उभे राहायला शिकवले. झॉर्नडॉर्फला डाव्या बाजूच्या 36 स्क्वाड्रनांचा सेनापती होता फ्रेडरिक विल्हेल्म फॉन सायड्लिट्झ, वय 37. नऊ महिन्यांपूर्वी रॉसबाखला फ्रेंचांची फौज उधळून लावून तो लेफ्टनंट जनरल झाला होता. त्याच्या हाताखाली राजाचे अंगरक्षक गार्द द्यू कोर, झीटन आणि मालाकोव्स्की यांचे हुसार आणि खुद्द त्याच्या नावाची क्युरासियर रेजिमेंट होती.

रेजिमेंटांच्या नावांमध्येही दोन देशांतला फरक दिसतो. प्रशियात रेजिमेंट तिच्या मालकाच्या, म्हणजे मानद प्रमुखाच्या नावाने ओळखली जाई आणि प्रमुख बदलला की नावही बदले. रशियात पीटर द ग्रेटच्या काळापासून पायदळाच्या रेजिमेंटांना शहरांची आणि प्रांतांची नावे होती: कझान, रोस्तोव्ह, नोव्हगोरोद. पण कझानच्या रेजिमेंटमध्ये कझानचेच लोक असतील असे मुळीच नव्हते. साम्राज्याच्या कुठल्याही कोपऱ्यातला रंगरूट कुठल्याही रेजिमेंटमध्ये जाऊन पडे.

रशियन शिपाई येई तो पीटरने 1705 मध्ये सुरू केलेल्या सक्तीच्या भरतीतून. ठरावीक घरांमागे एक माणूस द्यायचा, आणि कोणाचा मुलगा द्यायचा हे जमीनदार किंवा गावसभा ठरवी. निवड झालेल्याची सेवा जन्मभराची असे. बायको-मुलांना तो बहुधा पुन्हा पाहत नसे आणि घरचे लोक त्याला मेल्यासारखाच निरोप देत. जमीनदाराच्या वेठीतून तो कायमचा सुटे, पण त्याची किंमत ही होती. त्यानंतर पलटण हेच त्याचे गाव. शिपाई आपापसात आर्तेल करत, म्हणजे थोडा थोडा पगार एकत्र करून धान्य, भांडी, गाडी यांची सोय सामायिक ठेवत. प्रत्येक रेजिमेंटबरोबर ऑर्थोडॉक्स धर्मगुरू असे. परमुलखात, जिथली भाषा आणि धर्म दोन्ही वेगळे, तिथे अशा माणसाने पळून जायचे तरी कुठे? प्रशियन सेनापतीला रात्रंदिवस ग्रासणारी चिंता रशियन सेनापतीला त्या मानाने फार कमी होती. रशियन पायदळ हळू हाले आणि त्याच्या गोळीबारात प्रशियाची लय नव्हती. पण वेढा पडला, अधिकारी पडले, रांग तुटली तरी ते जागा सोडत नसे. झॉर्नडॉर्फला फ्रेडरिकने हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तोवर तो रशियनांना किरकोळ शत्रू समजत आला होता.

फेर्मोरची फौज सुमारे 43,000 ची. 55 बटालियन, नियमित घोडदळाचे अवघे 21 स्क्वाड्रन, सोबत कोसॅक स्वार आणि दोनशेहून अधिक तोफा. माणसे प्रशियापेक्षा जास्त, घोडेस्वार मात्र फारच कमी. रशियन घोडदळ मुळात दूरदूरच्या सरहद्दींवर पहारा देणाऱ्या ड्रॅगूनांचे होते आणि त्यांचे घोडे लहान चणीचे. युद्धाच्या तोंडावर, 1756 मध्ये, काही ड्रॅगून रेजिमेंटांना क्युरासियर आणि काहींना घोडेस्वार ग्रेनेडियर असे नवे रूप दिले गेले. टोप्या आणि चिलखते बदलून घोडदळ तयार होत नाही, त्याला वर्षे लागतात, आणि रशियाकडे ती वर्षे नव्हती. हुसारांच्या पथकांमध्ये ऑस्ट्रियाच्या मुलखातून येऊन दक्षिण रशियात वसलेले सर्ब होते. डॉनकाठचे कोसॅक टेहळणीत, पाठलागात आणि जाळपोळीत तरबेज, पण संगिनी रोखून उभ्या असलेल्या बटालियनवर तुटून पडणे हे त्यांचे काम नव्हते. झॉर्नडॉर्फ गावाला त्यांनीच आग लावली. त्यातच रुम्यान्त्सेव्ह याच्या हाताखालचा एक मोठा विभाग ओडरवर खाली श्वेट इथे अडकून पडला होता आणि लढाईला पोहोचू शकला नाही.

या फौजेचा डावा भाग मात्र इतर रशियन पायदळापेक्षा निराळा होता. तो होता ऑब्झर्व्हेशन कोअर. तोफखान्याचा प्रमुख आणि दरबारातला बडा सरदार काउंट प्योत्र शुवालोव याच्या कल्पनेतून तो निर्माण झाला. तीस हजारांची स्वतंत्र फौज उभारायची, तिला सर्वांत नव्या तोफा द्यायच्या आणि ती आपल्या देखरेखीत ठेवायची, असा त्याचा बेत होता. तेवढी माणसे कधीच जमली नाहीत. एक ग्रेनेडियर आणि पाच मस्केटियर रेजिमेंटा उभ्या राहिल्या. त्यांतले बहुतेक शिपाई अलीकडेच भरती झालेले होते आणि मोठी लढाई पाहिलेले त्यांच्यात विरळाच. ही पथके लढाईच्या तोंडावर फेर्मोरला येऊन मिळाली. त्यांचा सेनापती जॉर्ज ब्राउन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला कॅथलिक आणि रशियाच्या चाकरीत मुरलेला सरदार.

शुवालोवच्या तोफांपैकी एक प्रकार गुप्त हॉविट्झर म्हणून ओळखला जाई. तिच्या नळीचे तोंड गोल नसून आडवे, लंबगोल होते. छर्ऱ्यांचा डबा तिच्यातून उडाला की छर्रे वरखाली वाया न जाता माणसांच्या उंचीवर दोन्ही बाजूंना पसरावेत, ही त्यामागची कल्पना. गुपित राखण्यासाठी तोंडावर कुलूपबंद झाकण घालत आणि गोलंदाजांना शपथ घ्यावी लागे. पण गोल गोळा तिच्यातून नीट उडत नसे, त्यामुळे लांबच्या माऱ्यात ती निरुपयोगी, आणि वजनाने ती भारी. झॉर्नडॉर्फला अशा अनेक तोफा प्रशियाच्या हाती लागल्या आणि गुपित तिथेच संपले. शुवालोवच्याच कारखान्यातून निघालेली दुसरी तोफ जास्त गुणी होती. तिचे नाव एदिनोरोग. शुवालोवच्या कुलचिन्हातला एकशिंगी घोडा तिच्यावर कोरलेला असे, त्यावरून ते पडले. दारूचा कप्पा शंकूसारखा निमुळता केल्यामुळे गोळा, स्फोटक गोळा आणि छर्रे हे तिन्ही तिच्यातून उडवता येत आणि तोफही वजनाला हलकी राही. रशियन तोफखान्यात ती पुढे अनेक दशके टिकली.

रशियन फौजेच्या वरच्या फळीत परकीयांचा आणि बाल्टिक जर्मनांचा मोठा भरणा होता. फेर्मोर स्वतः लुथरपंथी, स्कॉटिश वंशाच्या घराण्यातला. लुथरपंथी अधिकाऱ्यांसाठी फौजेबरोबर एक लुथरपंथी धर्मगुरूही होता, क्रिस्टियान टेगे. हा माणूस मूळचा पूर्व प्रशियाचा आणि आता रशियन तळावर धर्मसेवा करणारा. त्याने मागे ठेवलेली आठवण या लढाईच्या सर्वांत जिवंत वर्णनांपैकी आहे. सकाळी प्रशियन रांगा पुढे सरकू लागल्या तेव्हा त्यांच्या बंदुका उन्हात लखलखत होत्या, असे तो सांगतो. त्यांच्या वाजंत्रीतून लुथरपंथी स्तोत्राचे सूर येत होते, आणि त्याला स्वतःला ते स्तोत्र पाठ होते. इकडे ऑर्थोडॉक्स धर्मगुरू निशाणे घेऊन रशियन रांगांसमोरून आशीर्वाद देत फिरत होते. दोन्ही बाजूंच्या बऱ्याच अधिकाऱ्यांची भाषा जर्मन, त्यांच्यातल्या कित्येकांचा धर्म एक, आणि शिपाई मात्र पूर्णपणे वेगवेगळ्या जगांतले. त्या काळच्या युरोपीय फौजांचे हे चित्र टेगेच्या एका आठवणीत सापडते.

फ्रेडरिकने ओडर ओलांडून फेर्मोरला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वळसा घातला आणि तो दक्षिणेकडून चालून आला. फेर्मोरला सगळी फौज उलट तोंड करून उभी करावी लागली. जागा अडचणीची. पश्चिमेला झाबर्नग्रुंड नावाची दलदलीची घळ आणि मध्येच गाल्गेनग्रुंड ही दुसरी घळ. या पट्ट्यात रशियन रांगा एकामागे एक इतक्या दाट उभ्या होत्या की प्रशियाच्या जड तोफांना नेम धरायचीही फारशी गरज पडली नाही. सुमारे दोन तास त्या तोफा चालल्या. एकाच गोळ्याने एका रेजिमेंटमधली चाळीसहून अधिक माणसे पाडली, असे सांगितले जाते. दुसरी कोणतीही फौज एवढ्यात पांगली असती. वारा रशियनांच्या तोंडावर होता, धूर आणि धूळ त्यांच्याच डोळ्यांत जात होती, काही वेळा मागच्या रांगेने पुढच्या रांगेवर गोळ्या झाडल्या, तरी ते उभे राहिले.

अकराच्या सुमारास मांटॉयफेल याच्या हाताखालची प्रशियन आघाडी, मुख्यतः ग्रेनेडियर, रशियन उजव्या बाजूवर चालून गेली. तिच्या पाठोपाठ कानिट्झची पथके यायची होती. ती उजवीकडे सरकली आणि आघाडीला पाठबळ उरले नाही. रशियन घोडदळाने संधी साधली. गाउग्रेबेनच्या स्वारांनी उघड्या बाजूवर धडक दिली, पायदळ त्यांच्यामागून सरसावले आणि प्रशियन पायदळ फुटले. सव्वीस तोफा रशियनांच्या हाती आल्या. ज्या घोडदळाकडून कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती, त्याने लॉइथेनच्या विजेत्यांचा डाव उधळला.

त्यानंतर सायड्लिट्झ उतरला. राजाने आधीच हल्ला करण्याचे हुकूम पाठवले होते आणि याने योग्य क्षणासाठी थांबून ते टाळले, अशी आख्यायिका आहे. लढाईनंतर माझे डोके राजाच्या स्वाधीन आहे, तोवर ते मला त्याच्याच कामासाठी वापरू द्यावे, असा त्याचा निरोप सांगितला जातो. घळीतून वाटा शोधून त्याने आपले स्क्वाड्रन पलीकडे काढले, बांधले आणि पाठलागात विस्कटलेल्या रशियन उजव्या बाजूवर घातले. रशियन रांगा मोडल्या, पण कोणी शस्त्र टाकले नाही. टोळक्याटोळक्यांनी, पाठीला पाठ लावून, संगिनी आणि बंदुकांचे दस्ते घेऊन ते लढत राहिले. फौज अनुभवी असली तरी अशा वेळी शरण येण्याचा संकेत त्या काळी होता. रशियन शिपायाला हा संकेत माहीतच नव्हता असे दिसते.

दुपारी लढाई पूर्वेकडे सरकली आणि ऑब्झर्व्हेशन कोअरची कसोटी लागली. देमिकूच्या रशियन स्वारांनी आधी प्रशियाचा एक मोर्चा उलथवला. त्या धक्क्याने डोनाच्या जुन्या फौजेतल्या पूर्व प्रशियन बटालियन पुन्हा फुटल्या आणि मैदान सोडून मागे पळाल्या. फ्रेडरिकने हे त्यांना कधीच माफ केले नाही. युद्धानंतरही तो पूर्व प्रशियात फिरकला नाही. राजाचा राग समजण्यासारखा आहे, निवाडा मात्र अन्यायाचा. या शिपायांची कँटने सात महिन्यांपासून शत्रूच्या ताब्यात होती. घरची खबर नव्हती, पडलेल्यांच्या जागी गावचे नवे लोक येत नव्हते, आणि एकदा ज्यांच्याकडून हरलो त्याच रशियनांसमोर पुन्हा उभे राहायचे होते. ओळखीची माणसे शेजारी असणे हे कँटन पद्धतीचे सारे बळ. मुलूखच गेल्यावर त्या पद्धतीतून आलेल्या रेजिमेंटचा आधारही गेला.

पुन्हा सायड्लिट्झने घोडदळ गोळा करून रशियन डाव्या बाजूवर घातले आणि राजाबरोबर आलेल्या सायलेशियातल्या बटालियनांनी पायदळाची रांग सावरली. नवख्या ऑब्झर्व्हेशन कोअरने भयंकर नुकसान सोसले. ब्राउनच्या डोक्यावर तलवारीचे अनेक वार झाले. तो वाचला आणि पुढे लिव्होनियाचा राज्यपाल म्हणून दीर्घ काळ राहिला. संध्याकाळच्या गोंधळात शिपायांच्या काही टोळ्यांनी ब्रँडीची पिपे फोडली आणि अडवणाऱ्या अधिकाऱ्यांवरच ते उलटले, अशा नोंदी आहेत. त्याच कोअरचे इतर लोक अंधार पडेपर्यंत जागेवर लढत होते, हेही तितकेच खरे. सेनापती फेर्मोर मात्र मधले काही तास मैदानातून बेपत्ता होता. त्याच्यावाचून फौज लढत राहिली, ही गोष्ट त्या फौजेबद्दल पुष्कळ काही सांगते.

प्रशियाची हानी सुमारे 12,800, रशियाची 16,000 ते 18,000. प्रशियाने शंभराहून अधिक तोफा मिळवल्या. दोन दिवसांनी फेर्मोर शिस्तीत मागे सरला आणि त्याच्या वाटेत कोणी आले नाही, कारण अडवायला फ्रेडरिककडे ताजे पायदळ शिल्लक नव्हते. दोन्ही राजधान्यांत विजयाच्या प्रार्थना झाल्या. बर्लिनचा धोका टळला, म्हणून फायदा प्रशियाचा. तो त्याच्या घोडदळाने आणि जड तोफांनी मिळवून दिला. ज्या पायदळावर प्रशियाची कीर्ती उभी होती, ते त्या दिवशी दोनदा मोडले.

पुढच्या वर्षी रशियन फौजेची सूत्रे प्योत्र साल्तिकोव याच्याकडे गेली. ऑब्झर्व्हेशन कोअर लवकरच मोडीत निघाला आणि त्याची माणसे इतरत्र वाटली गेली. 12 ऑगस्ट 1759 रोजी, झॉर्नडॉर्फच्या दक्षिणेला ओडरकाठीच कुनर्सडॉर्फ इथे, या रशियन फौजेने लाउडॉनच्या ऑस्ट्रियन पथकांच्या साथीने फ्रेडरिकचा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव केला. त्या रात्री राजाने आपल्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रानुसार 48,000 च्या फौजेतले तीन हजार लोकही त्याच्या हाताशी उरले नव्हते.